पांढरा पडदा फोटोत राखाडी का होतो?

भाचीचा पासपोर्ट फोटो काढायला आम्ही नागपूरच्या महाल भागातल्या एका छोट्या स्टुडिओत गेलो होतो. सोबत माझे बाबाही होते, डोक्यावर पांढरी टोपी घालून. मागचा कागद डोळ्यांना स्वच्छ पांढरा दिसत होता, पण फोटोत मळकट राखाडी आला. "काका, फ्लॅश कमी पडला का?" भाचीनं विचारलं. फ्लॅश पुरेसा होता. फरक अंतरानं पाडला होता.

प्रकाश अंतराच्या वर्गाच्या हिशेबानं घटतो. फ्लॅशपासून चेहरा 4 फुटांवर आणि कागद 8 फुटांवर असेल, तर कागदावर चेहऱ्याच्या पाव हिस्साच उजेड पडतो. पांढरा कागद साधारण 90 टक्के प्रकाश परतवतो. त्याचा पाव म्हणजे जेमतेम 22. फोटोत काळ्याचा आकडा 0 आणि पांढऱ्याचा 255 असतो. ही पट्टी सरळ प्रमाणात चालत नाही, अंधाऱ्या छटांना जास्त जागा देते, म्हणून 22 टक्क्यांचा हा कागद तिच्यावर 130 च्या आसपास उतरतो. आपला मेंदू उजेडातला हा फरक लक्षात घेऊन कागदाला पांढराच मानतो. कॅमेरा फक्त पोचलेला प्रकाश मोजतो.

इतका राखाडी पडदा सॉफ्टवेअरच्या भरवशावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. स्टुडिओवाल्या काकांनी कागदावर वेगळा फ्लॅश मारला, तेव्हा आकडा 210 वर आला. उरलेलं काम संगणकाचं.

सरळ उपाय 'लेव्हल्स'चा, म्हणजे फोटोत कोणत्या आकड्याला पांढरं मानायचं ते ठरवणाऱ्या साधनाचा. पांढऱ्याची खूण 210 वर ओढली, की फोटोतला प्रत्येक आकडा सुमारे 1.21 पटीनं वाढतो. पण या गुणाकाराला कागद कोणता आणि कपाळ कोणतं, हे कळत नाही. रंगीत फोटोत लाल, हिरवा आणि निळा यांचे आकडे वेगवेगळे असतात. कपाळावर लाल 225, हिरवा 180 आणि निळा 150 असेल, तर हिरवा 219 होतो, निळा 182. लाल मात्र 273 व्हायला हवा, तो 255 वरच अडतो. लाल मागे राहतो आणि कातडी पिवळट दिसू लागते. म्हणून चेहऱ्यावर मास्क, म्हणजे तेवढा भाग बदलापासून वाचवणारं झाकण, हवाच.

खरी कसोटी केसांच्या कडेला असते. एकेक केस मास्कनं कापायला गेलं, तर डोकं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसतं. तिथे 'ओव्हरले' पद्धतीचा, म्हणजे खालचा आकडा पाहून कमी-जास्त उजळणारा, पांढरा ब्रश फार सुंदर काम करतो. त्याचं गणित असं: 128 आणि त्यावरचं सगळं थेट 255 कडे जातं, त्याखालचं फक्त दुप्पट होतं. ब्रशचा जोर 20 टक्के ठेवला, तर एका फटकाऱ्यात 210 चा कागद 219 होतो आणि 20 चा काळा केस 24. कागद उजळतो, केस काळेच राहतात. भाचीच्या भुरभुरणाऱ्या बटा अशाच वाचल्या.

मग बाबांचाही फोटो काढला, त्यात ही युक्ती चालली नाही. कापसासारखे केस आणि वर पांढरी टोपी! दोन्हींचे आकडे 200 च्या पुढचे, त्यामुळे ब्रश फिरताच टोपीची कडा पडद्यात विरघळली. काकांनी ते पुसलं, पडदा 235 वर थांबवला आणि टोपीची कडा हातानं सांभाळली.

छापताना 255 च्या जागी शाई पडतच नाही, कोरा कागद राहतो. भाचीच्या फोटोचा पडदा आणि कागद एकच झाले होते. कुठे कापायचं ते कळावं म्हणून काकांनी प्रत्येक फोटोभोवती एक बारीक काळी रेघ ओढली.