टेकमधल्या आकृत्या आणि लेबलांचा जुना प्रश्न

पेपरमधला मजकूर सुबक असतो पण ग्राफवरचे आकडे भलत्याच फॉन्टमधे, कुठे बारीक कुठे जाडे, असं आजही सारखं दिसतं. ह्याचं मूळ थेट टेक ह्या टाइपसेटिंग प्रोग्रॅमच्या रचनेत आहे.

डोनाल्ड क्नूथ यांनी १९७८ च्या सुमारास आणलेल्या टेकच्या डीव्हीआय फाइलमधे, म्हणजे टेक बनवतं त्या तयार पानांच्या फाइलमधे, दोनच गोष्टी मावायच्या, अक्षरं आणि काळे आयत. तिरकी रेघसुद्धा नाही! चित्रांसाठी क्नूथनी फक्त स्पेशल नावाची एक कमांड ठेवली, म्हणजे टेकने जागा सोडायची आणि आत काय भरायचं ते प्रिंटरच्या ड्रायव्हरने बघायचं. मला हा निर्णय फार दूरदृष्टीचा वाटतो, कारण पुढचं सगळं ह्याच फटीतून आत आलं.

लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या, टेकवरच उभारलेल्या लाटेकमधे चित्रं काढायला पिक्चर एन्व्हायर्नमेंट होतं खरं, पण त्यातल्या तिरक्या रेघा फॉन्टमधल्या तुकड्यांनी जोडलेल्या, त्यामुळे उतार ठराविकच मिळायचे, ६ पर्यंतच्या पूर्णांकांच्या गुणोत्तरातले, आणि बाणांना तर ४ पर्यंतच. खरा डेटा असा बसणार कसा?

मग १९८४ मधे अडोबीचं पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरला पान कसं काढायचं ते सांगणारी भाषा, आलं, पुढच्या वर्षी ॲपलचा लेझरराइटर प्रिंटर, आणि त्यातूनच ईपीएस, म्हणजे एकाच चित्राची पोस्टस्क्रिप्ट फाइल. ईपीएसची खरी करामत म्हणजे बाउंडिंग बॉक्सची, म्हणजे चित्राभोवतीच्या चौकटीची ओळ, चार आकडे फक्त, पण टेकला तेवढेच पुरतात, बाकी रेघा-वक्र सगळं डीव्हीआयपीएस, म्हणजे डीव्हीआयचं पोस्टस्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम, पुढे ढकलून द्यायचा. १९९४ च्या लाटेक टू-ई सोबत ग्राफिक्सएक्स पॅकेज आलं आणि चित्र घालायची पद्धत एकसारखी झाली.

रेघा सुटल्या, लेबलं राहिली. ग्राफ काढणारा प्रोग्रॅम अक्षरं स्वतःच्या फॉन्टमधे लिहिणार, आणि आपण चित्र निम्म्यावर आणलं की अक्षरंही निम्मी. पीएसफ्रॅग ह्या पॅकेजने ईपीएसमधले शब्द शोधून त्यांच्या जागी लाटेकचा मजकूर बसवला, आणि ग्राफ काढणाऱ्या ग्नूप्लॉटच्या ईपीएसलाटेक ह्या आउटपुटने तर दोन फाइली केल्या, रेघा एकीकडे, अक्षरं दुसरीकडे. ही वाटणी मला अजूनही सगळ्यात स्वच्छ वाटते.

तेवढ्यात हान थे थान यांचं पीडीएफटेक आलं, जे सरळ पीडीएफ बनवतं. ते पीडीएफ, पीएनजी, जेपेग घ्यायचं पण ईपीएस थेट नाही, म्हणून जुन्या फाइली आधी बदलून घ्याव्या लागल्या आणि पीएसफ्रॅगची वाट तिथे बंदच झाली.

ती पोकळी टिल टांटाऊ यांच्या पीजीएफ आणि टिक्झ ह्या पॅकेजांनी भरली. आता चित्र लाटेकच काढतं, म्हणजे लेबलं आपोआप त्याच फॉन्टमधे आणि त्याच मापात. त्यावर क्रिश्चियन फॉयरझेंगर यांनी ग्राफ काढायचं पीजीएफप्लॉट्स उभं केलं, ते अक्षांचं गणितही टेकमधेच करतं, म्हणून हजारो बिंदू दिले की कंपाइल रेंगाळतं किंवा मेमरी संपते, आणि मग एक्स्टर्नलाइझ वापरून प्रत्येक आकृती एकदाच बनवून ठेवावी लागते.

पायथनमधे ग्राफ काढायच्या, २००३ पासूनच्या मॅटप्लॉटलिबमधे नंतर पीजीएफ बॅकएंड, म्हणजे ग्राफ पीजीएफच्या आज्ञांमधे लिहून देणारा भाग, आला, तोही लेबलं लाटेककडेच सोपवतो. पण इथे आकृतीची रुंदी कॉलमएवढीच ठेवायची, नंतर स्केल केलं तर सगळं मुसळ केरात. डेटा अवाढव्य असेल तर फक्त बिंदूंचा थर रास्टर (पिक्सेलचं चित्र) करा, अक्ष आणि अक्षरं व्हेक्टरच (रेघांच्या रूपातच) राहू द्या.