मिल्ट्रीची जीप: घोडं पेंड खातं ते कागदापाशी

धुळ्या-जळगावकडे कुणी जुनी जीप घेतली की पहिला प्रश्न ठरलेला, मिल्ट्रीची आहे का भो? हो म्हटलं की भाव चढलाच. यातल्या बऱ्याच जीपांनी छावणीचं तोंडही पाहिलेलं नसतं, साध्या महिंद्राच्या असतात, वरून हिरवा रंग मारलेला. आणि तो रंगही चालत नाही बरं का, ऑलिव्ह ग्रीन फक्त डिफेन्सच्या गाड्यांना असं केंद्रीय मोटार वाहन नियमातला 121 वा नियम सांगतो, म्हणजे खरी मिल्ट्रीची गाडी घेतली तरी आधी रंग बदलणं आलं.

या गाड्या आल्या कुठून, तर दुसऱ्या महायुद्धातून. विलीज आणि फोर्डने मिळून सहा लाखांवर जीपा काढल्या, 2199 सीसी पेट्रोल इंजिन, 60 हॉर्सपॉवर, तीन गिअर आणि चारही चाकांना जोर. बर्मा आघाडीसाठी हिंदुस्थानात आलेला माल युद्ध संपल्यावर परत नेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, त्यामुळे पुष्कळसा इथंच विकून टाकला गेला. त्याच सुमारास, 1945 ला, महिंद्रा अँड मोहम्मद कंपनी निघाली (यातले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, मग 1948 ला नाव बदलून महिंद्रा अँड महिंद्रा) आणि 1947 पासून मुंबईत विलीजच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात झाली. माझ्या मते सगळी गोम इथंच आहे. मिल्ट्रीची जीप आणि बाजारातली जीप एकाच घराण्यातली निघाली, म्हणून पाटे, एक्सल, गिअरबॉक्सचा माल तालुक्याच्या गावातही मिळायला लागला, नाहीतर या गाड्या कधीच भंगारात गेल्या असत्या.

जोंगाचं तसं झालं नाही. जोंगा म्हणजे लष्करासाठीची जीपसारखी गाडी, मूळची निसान पी-60, जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत 1969 पासून 1999 पर्यंत बनली. जबलपूर तसं आपल्याला लांबचं नाही, इटारसी-खंडवा-भुसावळ लाईनवरचंच. पण जोंगाचं इंजिन 3956 सीसी, सहा सिलेंडर, पेट्रोल! तोरणमाळचा घाट ती सहज चढेल, पण पंपावर मालकाचा खिसा रिकामा करूनच. धोनीने 2019 ला घेतली तेव्हा लोकांना एकदम तिची आठवण झाली, त्याचं त्याला परवडतं. 1990 नंतर लष्करात मारुतीची जिप्सी आली, हलकी, पार्ट सगळीकडे मिळणारी, म्हणून आज मिल्ट्रीची गाडी शोधणारा बहुतेक जिप्सीवरच येऊन थांबतो. फक्त तिचा पत्रा आणि फ्लोअर खालून बघून घ्या, गंज असतोच.

आता कागद. लष्कराच्या गाडीला आरटीओचा नंबर नसतोच, 1988 च्या मोटार वाहन कायद्यात कलम 60 आहे, त्याखाली डिफेन्स आपली नोंदणी आपणच करतं. नंबरप्लेटवर वर तोंड केलेला बाण असतो ना, ती इंग्रजांच्या काळातली सरकारी मालाची खूण, आणि बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी लष्करात आली ते वर्ष. गाडी विकली की ही नोंदणी संपली, मग बाकीच्यांसारखं आपण राहतो तिथल्या आरटीओत, म्हणजे एमएच 18 (धुळे), 19 (जळगाव) नाहीतर 39 (नंदुरबार) ला, नव्याने नोंदवायची, आणि त्याला विकणाऱ्या खात्याचं अस्सल विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म 21. लिलाव आता एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ऑनलाइन साइटवर, माल आहे तसा आहे तिथून उचलायचा. गाड्या पुष्कळदा लॉटमध्ये जातात, लॉट घेतो मोठा भंगारवाला, त्याच्याकडून दुसरा, मग पंजाब-हरियाणा हद्दीवरच्या डबवालीसारख्या गावात चेसिसवर नवी बॉडी चढते. या चार हातांत फॉर्म 21 कुठंतरी गळतो आणि आपल्या दारात येते नुसती लोखंडाची गाडी. विकणारा म्हणतो बापू कागद होऊन जातील, आपण कागद हातात पडल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, एवढंच. जानेवारी 2023 च्या नियमाने तर 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्या सरळ स्क्रॅपिंग सेंटरला धाडायचं ठरलं, लढाई आणि बंदोबस्ताच्या खास गाड्यांपुरती सूट आहे, म्हणजे रस्त्यावर आणण्याजोगा माल अजून आटणार.

राहिलं दुरुस्तीचं. पेट्रोल परवडेना तसं इकडच्या मेस्त्र्यांनी जीपांत डिझेल इंजिनं बसवली, कुणी आरसी बुकात चढवून घेतलं, कुणी नाही. तेव्हा कुणी फार विचारत नव्हतं. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने त्याच कायद्याच्या कलम 52 चा अर्थ स्पष्ट केला, कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल चालणार नाही. मग जुलै 2021 ला व्हिंटेज म्हणजे जुन्या जपलेल्या गाड्यांचे नियम आले, 50 वर्षांवरची गाडी, 20,000 रुपये फी, 10 वर्षांची नोंदणी, नंबरात व्हीए ही अक्षरं. वाचून बऱ्याच जणांना वाटलं चला आपली जीप सुटली. पण त्यातच लिहिलंय की चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा बदल झालेला नको आणि रोजच्या वापराला गाडी काढायची नाही. म्हणजे सावदा-रावेरकडे केळीच्या मळ्यात डिझेल इंजिनावर आजवर चाललेली जीप यात बसतच नाही.