अवटुन्यूनता आणि कॉर्टिसॉलची कमतरता

गळ्यातली अवटू (थायरॉइड) ग्रंथी मंदावलेली आणि मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींकडून कॉर्टिसॉल हे ताण झेलायला लागणारे संप्रेरकही अपुरे, अशी दुहेरी अवस्था. ती विरळा असली तरी तिच्यात गोळ्यांचा क्रम चुकला तर जिवावर बेतते. आधी कॉर्टिसॉल, मग थायरॉक्सिन (अवटूच्या संप्रेरकाची गोळी). थायरॉक्सिन सुरू झाले की शरीर कॉर्टिसॉल भराभर खर्च करते. मुळात तोकडे असलेले कॉर्टिसॉल मग पुरत नाही, उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो. ‘थायरॉइडची गोळी चालू केली आणि होतं ते त्राणही गेलं’ अशी तक्रार आली, तर डोस वाढवण्याआधी सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल तपासावे.

अधिवृक्क ग्रंथींचा हा विकार अ‍ॅडिसन यांनी 1855 साली वर्णिला. अवटू आणि अधिवृक्क अशा दोन्ही ग्रंथींवर स्वतःच्याच प्रतिकारशक्तीचा हल्ला होतो, त्या जोडीला 1926 पासून श्मिट यांचे नाव आहे. दमा किंवा सांधेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेले स्टेरॉइड एकाएकी सोडल्यानेही कॉर्टिसॉल घटते. गुण येणाऱ्या ‘जडीबुटी’च्या पुडीत स्टेरॉइड निघाल्याची उदाहरणे आहेत, म्हणून त्या पुडीचीही चौकशी हवी. कॉर्टिसॉल कमी असताना टीएसएच (अवटूला चालना देणारे संप्रेरक) थोडे वाढलेले दिसू शकते आणि कधी हायड्रोकॉर्टिसोननेच (कॉर्टिसॉलच्या गोळीनेच) ते जागेवर येते.

थकवा दोन्हींत असतो. फक्त अवटू मंद असेल तर वजन वाढते, थंडी सोसत नाही. कॉर्टिसॉल कमी असेल तर वजन उतरते, आणि अ‍ॅडिसनच्या विकारात खारट खावेसे वाटते, त्वचा काळवंडते. नागपुरात ‘उन्हानं रापली’ म्हणून ते सोडून दिले जाण्याचा धोका आहे. अशा वेळी हिरड्या आणि तळहाताच्या रेषा बघाव्यात. तिथे ऊन पोहोचत नाही.

नवतपा (मेअखेरचे तळपते नऊ दिवस) हा या रुग्णांचा खरा कसोटीचा काळ. पारा 45 अंशांकडे गेला की घामावाटे मीठ जाते, आणि अ‍ॅडिसनच्या रुग्णाला ते राखून ठेवता येत नाही. डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा ठीक आहे. पण अशा माणसाला उलट्या होऊन भोवळ आली तर ‘लू लागली’ म्हणून पन्हे पाजत बसू नये. तापात हायड्रोकॉर्टिसोनचा डोस डॉक्टरांनी आखून दिल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट करतात. गोळी पोटात टिकत नसेल तर 100 मिलिग्रॅमचे इंजेक्शन द्यावे आणि तडक मेडिकल, मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालये) किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

आयोडीनचे प्रकरण छोटे आहे, चर्चाच जास्त. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम पुरते, गरोदरपणी 250. घरच्या आयोडीनयुक्त मिठातून ते सहसा मिळते. मात्र उपासाचे सेंधा मीठ बारा महिने वापरणाऱ्यांनी पाकीट वाचावे. लघवीच्या एका नमुन्यावरून कमतरता ठरवून थेंब सुरू करणे चुकीचे: जादा आयोडीनने, विशेषतः हाशिमोटोच्या (प्रतिकारशक्तीच अवटूवर उलटते त्या विकाराच्या) रुग्णात, अवटू आणखी मंदावते.

रोजचे वेळापत्रक मात्र चिवटपणे पाळावे लागते. उठल्याबरोबर साध्या पाण्याने थायरॉक्सिन, मग अर्धा ते एक तास चहा नाही, तर्री-पोहे तर त्याहून नंतर. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. डोस बदलल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच तपासावे. त्याआधीचा आकडा फसवा असतो.