लघवीची जळजळ म्हणजे दरवेळी ‘उन्हाळी’ नव्हे

“उन्हाळी लागलीय, धण्या-जिऱ्याचं पाणी पी.” बाईला लघवीला जळजळ झाली की घरोघरी हेच सांगतात, आणि पुष्कळदा तेवढ्यावर भागतंही. पण जळजळ महिनोन्‌महिने परतत असेल, लघवी करून उठल्यावर कपड्यात थेंब गळत असतील, संबंधांच्या वेळी दुखत असेल, तर तिला उन्हाळी म्हणून गप्प बसवू नका; यामागे मूत्रमार्गालगत झालेली पिशवी असू शकते.

बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा. त्याच्या लगतची ग्रंथी तुंबून, पिकून मूत्रमार्गात फुटली की तिथे पिशवी तयार होऊ शकते. हीच डायव्हर्टिक्युलम. तिच्यात लघवी साचते, जंतू वाढतात. अँटिबायोटिकने जंतू मरतात, पिशवी मात्र तशीच राहते. तपासताना योनीच्या पुढच्या भिंतीवर बोट दाबलं की कधी मूत्रमार्गातून पू येतो. सगळ्यांत स्पष्ट दिसते ती एमआरआयमध्ये.

त्रास होत असेल तर योनीमार्गे शस्त्रक्रिया करून पिशवी काढतात आणि थराथराने शिवतात, टाक्यांच्या ओळी एकावर एक येऊ न देता. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, बहुधा २ ते ३ आठवडे राहतो. नंतर काहींना खोकताना लघवी गळते, क्वचित पिशवी पुन्हा होते. हे डॉक्टरांना आधीच विचारा, संकोच न करता.