बरणीतलं मोकळं पाणी

जुलैत सांडगे मऊ पडले, पापडावर ठिपके दिसले, की घरोघरी एकच निदान होतं: मे महिन्यात ऊन कमी लागलं. बहुतेक वेळा उन्हाचा काही दोष नसतो. वाळवण खडखडीत वाळलेलं असतं. ते भिजतं नंतर, बरणीत, आणि तेही वरून पाण्याचा थेंब न पडता.

पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा त्यातलं मोकळं किती, हे टिकाऊपणाच्या दृष्टीने महत्त्वाचं. मीठ, साखर, पिष्ट, प्रथिनं पाण्याचे रेणू धरून ठेवतात आणि असं अडकलेलं पाणी जंतूंच्या उपयोगाचं राहत नाही. या मोकळेपणाचं माप म्हणजे जलक्रियाशीलता. शुद्ध पाण्याची ती १ असते. ०.९१ च्या खाली अन्न नासवणारे बहुतेक जिवाणू वाढत नाहीत, ०.८० च्या खाली बहुतेक बुरश्या थांबतात आणि ०.६० च्या खाली कुठलाच सूक्ष्मजीव वाढत नाही. कडक वाळलेला सांडगा ०.६० च्याही खाली असतो.

पण उघडा पदार्थ भोवतालच्या हवेशी जुळवून घेत राहतो. हवेच्या सापेक्ष आर्द्रतेला १०० ने भागलं की जो आकडा येतो, त्याच्याकडे पदार्थाची जलक्रियाशीलता सरकते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८५ टक्के असणं नेहमीचंच. म्हणजे उघड्या बरणीतला सांडगा ०.८५ च्या वाटेला लागतो. पातळ कुरडई तर त्याच्याही आधी. आर्द्रता मोजायचं साधन घरातच असतं: मीठ. मिठाच्या संपृक्त द्रावणाची जलक्रियाशीलता ०.७५ असते, म्हणून हवा ७५ टक्क्यांहून दमट झाली की उघड्या मिठाला पाणी सुटतं. त्या दिवशी वाळवणाची मोठी बरणी उघडायची नाही.

लोणच्याचंही गणित हेच. एक किलो कैरीच्या फोडींत साधारण ८०० ग्रॅम पाणी असतं. २०० ग्रॅम मीठ घातलं, की मुरल्यावर जलक्रियाशीलता ०.८४ च्या आसपास येते. ‘हेल्दी’ म्हणून १०० ग्रॅमच घातलं तर ती ०.९३ वर अडकते. मग सगळी मदार कैरीच्या आंबटपणावर राहते आणि तेवढ्याने बुरशी अडत नाही. असं लोणचं फ्रिजमध्येच ठेवावं. वरचं तेल हवा अडवतं, मोकळं पाणी मात्र कमी करत नाही. पाळीतल्या बाईचा हात लागून लोणचं नासतं, हा समज तर निखालस खोटा आणि अन्यायाचा आहे. नासवतो तो ओला चमचा: जिथे पाणी टेकतं तिथे मीठ पातळ होतं आणि बुरशीला जागा मिळते.

म्हणूनच बेत आठवड्याचा आखावा. मोठी बरणी एकदाच, कोरड्या हवेच्या वेळी उघडायची आणि आठवड्याचं वाळवण घट्ट झाकणाच्या छोट्या डब्यांत काढायचं. चौघांच्या घरासाठी, बाजार रविवारी धरून: रविवार-सोमवार टाकळा आणि अळू, कारण पाला थांबत नाही. अळूच्या फतफत्यात चिंच किंवा आमसूल हवंच, नाहीतर घसा खवखवतो. मंगळवार-बुधवार शिराळं, पडवळ, भेंडी. गुरुवारी रात्री वालाचं बिरडं. त्यासाठी पाव किलो कडवे वाल मंगळवारी रात्री भिजत घालायचे आणि बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायचे. पावसाळी गारव्यात मोड यायला २४ ते ३६ तास लागतात. फडकं घट्ट आणि ओलंगच्च ठेवलं तर मोडांऐवजी बुळबुळीतपणा आणि वास येतो. शुक्रवारी १०० ग्रॅम सांडग्यांची आमटी. शनिवारी ७५ ग्रॅम सुका जवळा, कोरडा भाजून मग दोन-तीन पाण्यांतून धुतलेला. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ही सुकी मासळीच खरी हंगामी. श्रावण पाळणाऱ्यांनी त्या जागी कुळथाचं पिठलं करावं.

डब्यातले सांडगे नुसते मऊ पडले असतील तर जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर परतून, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरावेत. गरम भरले तर झाकणाखाली वाफेचं पाणी धरतं. काळी, हिरवी किंवा पांढरी बुरशी दिसली तर मात्र तेवढाच भाग काढून उरलेलं तळू नये. काही बुरश्या अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि घरगुती तळणीच्या उष्णतेने ते पूर्ण नष्ट होत नाही. तो डबा सगळाच टाकायचा.