शोधयंत्र-अनुकूलन, खान्देशातील

गुगलसारख्या शोधयंत्राच्या निकालांत संकेतस्थळाला वरचे स्थान मिळावे म्हणून त्याचा मजकूर, रचना, वेग आणि इतर स्थळांशी असलेले दुवे यांत पद्धतशीरपणे केलेली सुधारणा. व्यवहारात ‘एसईओ’ (सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन) हेच नाव रूढ असून बोलताना ‘साइट वर आणणे’ किंवा ‘रँक करणे’ असेही म्हणतात. पैसे भरून मिळणारी जाहिरातीची जागा यात धरत नाहीत. प्रस्तुत नोंदीचा रोख जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील मराठी आणि अहिराणी संकेतस्थळांवर आहे. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांची राजधानी म्हणून आणि केळीच्या बाजारपेठेमुळे ते या विषयातून वगळता येत नाही.

उगम व मतभेद : या व्यवसायाचा प्रारंभ केव्हा झाला याविषयी एकमत नाही. १९९४ मध्ये वेबक्रॉलर व लायकॉस ही शोधयंत्रे आणि याहूची हाताने रचलेली निर्देशिका सुरू झाली. डिसेंबर १९९५ मध्ये अल्टाव्हिस्टा आले. आपला पत्ता या यंत्रांकडे नोंदवणे, पानात तोच तो शब्द पुनःपुन्हा पेरणे हे प्रकार तेव्हापासूनच चालू होते. त्यामुळे काहीजण १९९४-९५ हाच आरंभ मानतात. जालावरील जाहिरातीच्या क्षेत्रातील बॉब हेमन व लेलँड हार्डन यांच्या हकिकतीनुसार जेफरसन स्टारशिप या रॉक बँडचे संकेतस्थळ बँडच्याच नावाने शोधले असता फार मागे दिसत असे आणि ते पुढे आणण्याच्या खटपटीतून १९९५ मध्ये हे काम जन्माला आले. शोधयंत्रांविषयी लिहिणारे पत्रकार डॅनी सलिव्हन यांनी मात्र ‘शोधयंत्र-अनुकूलन’ ही संज्ञा बहुधा १९९७ मध्ये वापरात आली असे म्हटले असून तिच्या प्रसाराचे श्रेय ज्यांना दिले त्यांत या व्यवसायातील ब्रूस क्ले यांचे नाव आहे. पहिली हकिकत आठवणींवर उभी आहे. त्यामुळे प्रथा १९९५ च्या आसपासची आणि नाव १९९७ च्या सुमाराचे असे धरणे अधिक सुरक्षित वाटते.

दुव्यांवरून पानांचा क्रम लावण्याची कल्पना कोणाची, हा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित करून १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘पेजरँक’ पद्धतीत दुवा म्हणजे एका पानाने दुसऱ्याला दिलेले मत समजले जाते. मात्र ज्या पानाला स्वतःला अधिक मते आहेत त्याचे मत जड ठरते. गणितासाठी एक भटका वाचक कल्पिला जातो. तो साधारण ०.८५ इतक्या संभाव्यतेने समोरच्या पानावरील एखादा दुवा धरून पुढे जातो, एरवी भलत्याच पानावर उडी मारतो. रॉबिन ली यांची ‘रँकडेक्स’ ही दुव्यांवर आधारलेली पद्धत १९९६ ची असून पेजच्या एकस्व (पेटंट) दस्तऐवजांत ली यांच्या कामाचा उल्लेख आहे. इटलीतील मासिमो मार्किओरी यांचे काम १९९७ चे, तर जॉन क्लाइनबर्ग यांची पद्धत पेजरँकच्याच काळातली. त्याही मागे जायचे, तर शोधनिबंधांतील उद्धरणांवरून नियतकालिकांचे वजन ठरवण्याची रीत गॅब्रिएल पिन्स्की व फ्रान्सिस नारिन यांनी १९७६ मध्येच मांडली होती. जालावर दुवे मोजण्याचा अग्रमान ली यांच्याकडे जातो. संपूर्ण जालाला लागू पडेल अशी गणिती बैठक मात्र पेज-ब्रिन यांची, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे.

कार्यपद्धती : क्रॉलर हा शोधयंत्राचा स्वयंचलित प्रोग्राम दुव्यांमागून पाने गोळा करतो, त्यांची सूची बनते आणि प्रश्न आल्यावर सूचीतून क्रम लागतो. क्रॉलरने कोठे जाऊ नये हे ‘रोबोट्स’ फाइलीत लिहिण्याची प्रथा मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली. पानांची यादी देणारा ‘साइटमॅप’ गुगलने २००५ मध्ये आणला. पुढच्या बदलांत निकृष्ट मजकूर मागे टाकणारा ‘पांडा’ (२०११), बनावट दुव्यांविरुद्धचा ‘पेंग्विन’ (२०१२) आणि वाक्याचा अर्थ लावणारा ‘बर्ट’ (२०१९) हे महत्त्वाचे. आता गुगल पानाची मोबाइलवरील आवृत्तीच सूचीसाठी धरते. खान्देशातला बहुसंख्य वाचक फोनवरच वाचतो, तेव्हा संगणकावर देखणी पण फोनवर रखडणारी साइट दोन्हीकडून मार खाते. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा हा गुगलचा मापदंड आहे.

मराठी मजकुराची साठवण : या भागातील संकेतस्थळांच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत निर्णायक आणि सर्वांत उपेक्षित आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, १९९१ पासून स्वतंत्र जागा असली, तरी छापखाने व डीटीपी केंद्रे दीर्घकाळ श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, कृतिदेव अशा फाँटांवर चालली. या फाँटांत अक्षर देवनागरी दिसते, पण आत वेगळीच चिन्हे असतात. कृतिदेवमध्ये टाइप केलेला ‘जळगाव’ हा शब्द फाइलीत टी, जी, एक्स, के, ओ अशा पाच रोमन अक्षरांच्या रूपाने असतो. शोधयंत्राला ही पाच अक्षरेच दिसतात. असे पान कितीही मोलाचे असो, ‘जळगाव’ शोधणाऱ्यापुढे ते येत नाही. आपले पान असे आहे का हे पाहण्यासाठी त्यावरील एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करावी. तेथे रोमन अक्षरांचा गुंता उमटला, तर शोधयंत्राच्या लेखी तो मजकूर मराठी नाहीच. पतसंस्थांचे अहवाल, गावच्या स्मरणिका, कृषिविषयक पुस्तिका जुन्या फाँटातील पीडीएफच्या रूपात चढवल्या जातात, तेव्हा हेच घडते. कोण्या एका पिढीने गोळा केलेली माहिती अशी अदृश्य राहावी ही खेदाची गोष्ट आहे. तो मजकूर युनिकोडमध्ये आणणे हे दुवे जमवण्याच्या कितीतरी आधीचे काम होय.

युनिकोडमध्येही मराठीची दोन अवघड दुखणी आहेत. ‘बऱ्हाणपूर’ हा शब्द दोन प्रकारे साठवता येतो : एकात ०९३१ क्रमांकाचा ऱ, हलन्त व ह, दुसऱ्यात ०९३० क्रमांकाचा साधा र, हलन्त, डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणात (समान रूपे एक मानण्याच्या नियमांत) मात्र ०९३१ हे र आणि नुक्ता यांच्या बरोबरीचे धरले जाते. जोडकाच्या रूपाशी त्याचा मेळ बसत नाही. एखाद्या प्रणालीने अदृश्य चिन्हे गाळली, की दुसऱ्या प्रकारचे ‘बर्हाणपूर’ होऊन रफार उमटतो. वऱ्हाड, बिऱ्हाड, तऱ्हा यांचीही हीच गत. दुसरे दुखणे ‘ॲग्रो’चे. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या केळीपट्ट्यात दुकानांच्या नावांत हा शब्द सर्रास आढळतो. ॲ या अक्षराला ०९७२ हा क्रमांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मिळाला. त्याआधी अ (०९०५) आणि ॅ (०९४५) जोडून ते लिहीत, काही कळफलक मध्ये जोडकही घालत. ही रूपे युनिकोडच्या दृष्टीने समान नाहीत. म्हणजे पाटीवर, बिलावर आणि संकेतस्थळावर एकच दिसणारे नाव यंत्राच्या लेखी तीन वेगवेगळी नावे असू शकतात.

याचा क्रमावर कितपत परिणाम होतो, याबद्दल व्यावसायिकांत दोन मते आहेत. मोठी शोधयंत्रे अशी रूपे बहुधा आपसूक जुळवून घेतात, सबब काळजी नको, असे एक मत. दुसऱ्या मताप्रमाणे जुळवणी इंग्रजीइतकी भरवशाची नाही. शिवाय संकेतस्थळाची अंतर्गत शोधपेटी, बाजारभावांच्या याद्या, ब्राउझरमधील शब्दशोध यांना ती सवलत नसते. दुसरे मत व्यवहाराला धरून आहे. ०९३१ व ०९७२ ही स्वतंत्र अक्षरे शीर्षकापासून तळटीपेपर्यंत एकसारखी वापरणे इष्ट.

शब्द, ग्रामनामे व लेखनभेद : ‘जळगाव’ व ‘जळगांव’ ही दोन्ही रूपे प्रचलित आहेत. अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी वगळला, तरी जुन्या पाट्या, शिक्के व कागदपत्रांतून तो टिकला. हिंदी कळफलकामुळे ‘जलगांव’ हे तिसरे रूपही येते. खान्देश आणि खानदेश हा भेद तर लेखकागणिक बदलतो. सगळी रूपे शीर्षकात कोंबणे हा जुन्या शब्दपेरणीचाच प्रकार आहे. एक रूप ठरवून शीर्षकात ठेवावे आणि दुसरे ओघात एकदा यावे, जसे ‘मुक्ताईनगर (पूर्वीचे एदलाबाद)’. नाव एकाहून अधिक गावांचे असेल, तर तालुका-जिल्हा लिहिणे अगत्याचे. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे तसे वाशीम जिल्ह्यातही आहे. रावेर तालुक्यातील सातपुड्याच्या कुशीतले पाल हे ठिकाण नुसते ‘पाल’ असे लिहिले, तर साताऱ्याकडील खंडोबाचे पाल आणि भिंतीवरची पाल या दोन्हींशी त्याची गल्लत होते.

शब्दांची निवड बाहेरगावच्या व्यावसायिकाला सहसा साधत नाही. केळीच्या लागवडीचे जून-जुलैतील ‘मृगबाग’ आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील ‘कांदेबाग’ असे दोन हंगाम इथला शेतकरी जन्मापासून जाणतो; खोडव्याला तो ‘पिलबाग’ म्हणतो. शब्दांची मागणी दाखवणाऱ्या साधनांत अशा शब्दांपुढे पुष्कळदा शून्य दिसते. त्या शून्याचा अर्थ ‘मोजण्याइतका मोठा नाही’ एवढाच असतो, कोणी शोधत नाही असा नव्हे. ऊतिसंवर्धित रोपे विकणाऱ्याने आपल्या पानावर ‘कांदेबागेसाठी रोपे’ असे लिहिले, तर त्या शब्दाने येणारा वाचक बहुधा ग्राहकच असतो. कोणत्या शब्दांनी पान दिसले, किती वेळा उघडले आणि सरासरी कितव्या स्थानी होते, हे गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये सोळा महिन्यांपर्यंत मागे जाऊन पाहता येते, तेही विनामूल्य. अनुभवावर आधारलेल्या मजकुराला गुगलच्या मूल्यमापन-मार्गदर्शिकेत डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र स्थान आहे. जळगावची केळी आणि जळगावचे भरिताचे वांगे यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ही माहिती शेकडो पानांवर जशीच्या तशी आढळते. करपा आलेल्या बागेचे स्वतः काढलेले छायाचित्र आणि त्यावर केलेला उपाय मात्र इतरत्र मिळत नाही आणि तेच पान वर येण्यास पात्र ठरते.

पानाचा पत्ता देवनागरीत असावा की रोमनमध्ये, यावरही मतभेद आहेत. गुगल दोन्ही वाचते. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांत रूपांतरित होते. ‘जळगाव’ या पाच चिन्हांच्या शब्दाची पंचेचाळीस होतात. असा पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवताना बोजड दिसतो, म्हणून मजकूर देवनागरीत व पत्ता छोट्या रोमन रूपात ही तडजोड पसंत केली जाते. ‘.भारत’ हे देवनागरी क्षेत्रनाम २०१४ पासून उपलब्ध आहे.

स्थानिक शोध : सराफी पेढी, रोपवाटिका, दालमिल, खानावळ यांच्यासाठी नकाशावरील निकाल संकेतस्थळाहूनही मोलाचा ठरतो. गुगलच्या सांगण्याप्रमाणे तेथे सुसंगती, अंतर व प्रसिद्धी या तीन गोष्टी पाहिल्या जातात. अंतर आपल्या हातात नसते. नाव, पत्ता, फोन सर्वत्र एकसारखे ठेवणे, वेळा अद्ययावत असणे आणि खऱ्या ग्राहकांच्या अभिप्रायांना उत्तर देणे एवढे हातात असते. विकत घेतलेले अभिप्राय नियमबाह्य आहेत.

गैरप्रकार : ‘पहिल्या क्रमांकाची हमी’ कोणालाही देता येत नाही, असे गुगल स्वतःच सांगते. विकत घेतलेले दुवे, लपवलेला मजकूर, गावाचे नाव बदलून काढलेली शेकडो सारखी पाने, तसेच मार्च २०२४ च्या नियमांत स्पष्ट केलेले घाऊक यंत्रनिर्मित लेखन यांमुळे संकेतस्थळ निकालांतून बाहेर जाऊ शकते. छोट्या व्यावसायिकाचे पैसे अशा हमीपोटी बुडतात, म्हणून येथे मुद्दाम नोंद.

अहिराणी मजकूर : ग्रीअर्सन यांनी भारतीय भाषा-सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खान्देशीला भिल्ली भाषांबरोबर ठेवले, इतर अभ्यासक तिला मराठीची बोली मानतात, तर काही गुजरातीशी असलेल्या साम्यावर भर देतात. मिश्र सीमाबोली हे वर्णन अधिक जुळते. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतसूचीत अहिराणीला ‘एएचआर’ हा स्वतंत्र संकेत आहे आणि पानाच्या भाषा-खुणेत तो देता येतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनांना तो सांगता येतो, परंतु गुगल भाषा ठरवताना ही खूण पाहत नाही, दिसणारा मजकूरच पाहते. अहिराणी गाणी व नकला व्हिडिओरूपात असून शीर्षके अनेकदा रोमनमध्ये असतात. कानबाई या खान्देशातील लोकदेवतेच्या गाण्यांसारख्या ठेव्याखाली गाण्याचे बोल देवनागरीत लिहिले, तर त्या ओळींनी शोधणाऱ्याला ते गाणे सापडू शकते.

दरवर्षी येणाऱ्या विषयांसाठी एकच कायमचा पत्ता ठेवावा. नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा व घोडेबाजार यांसाठी दर साली नवे पान काढले, की मागील वर्षांत मिळालेले दुवे जुन्या पानाकडेच राहतात. त्याच पानावर तारखा बदलून गेल्या वर्षीचा वृत्तान्त खाली सरकवला, तर ते दुवे पुढच्या यात्रेलाही कामी येतात. ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधनिकालांच्या वर यंत्ररचित सारांशही दिसू लागला आहे, त्यात संदर्भ म्हणून काही पानांचे दुवे दिलेले असतात.