लक्झेंबर्ग आणि लिश्टनस्टाईन एकच समजून ऑफर साईन करू नका

"लिश्टनस्टाईनच्या कंपनीकडून ऑफर आलीय, लक्झेंबर्गसारखंच असेल ना सगळं?" हे मला इतक्या जणांनी विचारलंय, आणि दरवेळी आजूबाजूचे लोक ठोकून देतात की हो हो, दोन्ही छोटे, दोन्ही श्रीमंत, टॅक्स कमी, बिनधास्त जा. अहो नाही! घरदार हलवायचं असेल तर या दोन देशांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो पगारात नाही, राहण्याच्या परवानगीत आहे.

किरकोळ फरक पटकन उरकतो. लक्झेंबर्ग 2,586 चौरस किलोमीटर, वस्ती पावणेसात लाखाच्या आसपास, फ्रान्स-बेल्जियम-जर्मनीच्या मधे. लिश्टनस्टाईन जेमतेम 160 चौरस किलोमीटर, लोक साधारण 40 हजार, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधे. एकीकडे युरो, दुसरीकडे स्विस फ्रँक. एकीकडे ग्रँड ड्यूक, दुसरीकडे प्रिन्स. लक्झेंबर्गला स्वतःचं विमानतळ आहे, लिश्टनस्टाईनला नाही, झुरिचला उतरायचं. हे सगळं गुगल सांगतं, यावर कुणाचं काही अडत नाही.

लक्झेंबर्गचं तर आता पुण्या-मुंबईतल्या फायनान्स आणि आयटीवाल्यांना पाठ झालंय. भारतातून निघायच्या आधीच तिथल्या सरकारकडून तात्पुरती राहण्याची मंजुरी काढायची, मग डी व्हिसा (लांब मुक्कामाचा), पोचल्यावर तीन दिवसांच्या आत कम्यूनमधे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेत, जाऊन नाव नोंदवायचं, मेडिकल आणि टीबीची तपासणी, आणि तीन महिन्यांच्या आत रेसिडन्स परमिटचा अर्ज. कागद इंग्रजी, फ्रेंच किंवा जर्मनमधे लागतात, त्यामुळे ग्रामपंचायतीचा नुसता मराठीतला जन्मदाखला असेल तर त्याचं अधिकृत भाषांतर आधीच करून ठेवा, ऐनवेळी धावपळ होते. कटकट आहे, पण सरळ रस्ता आहे: नोकरी मिळाली, अटी बसल्या की राहायची परवानगी त्याच प्रक्रियेत मिळते. 2023 च्या कायद्यानंतर फॅमिली परमिटवर आलेल्या नवऱ्याला किंवा बायकोलाही वेगळं वर्क परमिट न काढता नोकरी करता येते, ही फार मोठी गोष्ट आहे आणि लोक पॅकेजच्या नादात ती मोजतच नाहीत.

आता मुद्द्याचं. लिश्टनस्टाईनमधे नोकरी मिळणं ही एक गोष्ट आणि तिथे राहायला मिळणं ही पूर्णपणे दुसरी. देश युरोपियन युनियनमधे नाही, 1995 पासून युरोपीय आर्थिक क्षेत्रात (युनियनसोबत एकच बाजारपेठ असलेल्या देशांच्या गटात) आहे, आणि देश चिमुकला म्हणून लोकांच्या मुक्त वावरावर मर्यादा ठेवायची खास सवलत त्यांनी मिळवलेली आहे. म्हणजे काय, तर या क्षेत्रातल्या नागरिकांनासुद्धा, म्हणजे जर्मन, फ्रेंच, ऑस्ट्रियन माणसालासुद्धा, तिथे मनात आलं म्हणून राहता येत नाही. त्यांच्यासाठी वर्षाला नोकरदारांचे 56 आणि नोकरी न करणाऱ्यांचे 16 असे राहण्याचे परवाने किमान द्यायचे ठरलेले आहेत, आणि त्यातले निम्मे चक्क सोडत काढून देतात. आपल्याकडे म्हाडाच्या घरांची निघते तशी, फक्त इथे घर नाही, राहायचा हक्क निघतो.

आणि भारतीय पासपोर्टवाल्याला त्या सोडतीत भागसुद्धा घेता येत नाही! आपण तिसऱ्या देशाचे, म्हणजे ना युरोपीय आर्थिक क्षेत्राचे, ना स्विस. आपल्यासाठी रस्ता एकच: कंपनीनं दाखवून द्यायचं की या कामाचा तज्ज्ञ माणूस इथे मिळत नाही, आणि मग सरकारनं मंजुरी द्यायची. मोठ्या कंपन्यांच्या वरच्या जागांसाठी हे होतं. बांधकामाची यंत्रं-अवजारं बनवणाऱ्या हिल्टी कंपनीचं हेडऑफिस तिथल्या शान गावात आहे आणि पुण्यातही त्यांचं टेक ऑफिस आहे, म्हणून आपल्या लोकांच्या कानावर लिश्टनस्टाईनचं नाव जास्त पडतं, पण तिथल्या कंपनीत नोकरी असणं म्हणजे तिथे घर थाटता येणं नव्हे, हे डोक्यात पक्कं बसवा.

इथे लगेच कोणीतरी म्हणतं, "मग शेजारी राहू की! तिथे निम्म्याहून जास्त लोक बाहेरूनच कामाला येतात." बरोबर, येतात. संध्याकाळी शानहून ऱ्हाईन नदी ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या बुक्सकडे निघालेल्या गाड्यांची रांग लागते, 11 नंबरची बस एका टोकाला ऑस्ट्रियातलं फेल्डकिर्श आणि दुसऱ्या टोकाला स्वित्झर्लंडमधलं सारगान्स गाठते, आणि ऑफिस सुटताना ती चांगलीच भरते. पण त्या बसमधल्या बहुतेकांच्या खिशात स्विस किंवा युरोपियन पासपोर्ट असतो. बुक्सला राहायचं तर स्वित्झर्लंडची परवानगी लागते, फेल्डकिर्शला राहायचं तर ऑस्ट्रियाची. लिश्टनस्टाईनच्या कंपनीचं ऑफर लेटर दाखवलं म्हणून स्वित्झर्लंड तुम्हाला परमिट देत नाही. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे तुम्ही आधीपासून तिथे कायदेशीर राहत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सीमेपलीकडे कामाला जायच्या परवानगीचं बघता येतं.

हाच घोळ लोक लक्झेंबर्गमधेही घालतात, फक्त उलट्या बाजूनं. भाडी बघून घाम फुटतो, मग कोणीतरी सुचवतं की जर्मनीत ट्रियरला रहा किंवा फ्रान्समधे थियोनव्हिलला, अर्धं भाडं, ट्रेननं ये-जा, दोन लाखांहून जास्त लोक तसंच करतात. करतात, कारण त्यांना कुठेही राहायचा हक्क आहे. तुमचं परमिट लक्झेंबर्गमधे राहण्यासाठी दिलेलं आहे. ट्रियरला बिऱ्हाड हलवलंत तर जर्मनीचं परमिट लागेल आणि लक्झेंबर्गमधे काम करायची वेगळी परवानगीसुद्धा. शेंगेनमधे, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांत, बॉर्डरवर कोणी अडवत नाही म्हणून सगळं चालतं असं समजू नका, शेंगेन म्हणजे ये-जा, राहणं नाही. नूतनीकरणाच्या वेळी पत्ता विचारतात तेव्हा हे अंगाशी येतं. भाडं परवडत नसेल तर देशाच्या आतच लांब बघा, उत्तरेला एटेलब्रुक वगैरे, सार्वजनिक वाहतूक 2020 पासून सेकंड क्लासला फुकट आहे.

गोव्याच्या मंडळींसाठी मात्र चित्र बदलतं. ज्यांनी आजी-आजोबांच्या जोरावर पोर्तुगीज नागरिकत्व घेतलंय ते युरोपियन युनियनचे नागरिक झाले. त्यांना लक्झेंबर्गला परमिट लागतच नाही, आणि तिथे परदेशी लोकांत सगळ्यात मोठा समाज पोर्तुगीजांचाच आहे. लिश्टनस्टाईनमधे मात्र तेही त्या सोडतीच्या रांगेतच उभे राहतात. आणि भारतीय नागरिकत्व सुटलं हे वेगळं सांगायला नको.

टॅक्सबद्दल एकच सांगतो, कारण रील्स बघून डोकं उठतं. लिश्टनस्टाईनमधे इन्कम टॅक्स खरंच कमी आहे. लक्झेंबर्गमधे पगारदाराला नाही, वरचा स्लॅब 42 टक्के आहे, वर थोडा अधिभार. "टॅक्स हेवन" हे कंपन्यांच्या आणि फंडांच्या संदर्भात ऐकलेलं असतं, ते आपल्या सॅलरी स्लिपला लावू नका.

पुढे नागरिकत्वाचा विचार असेल तर लक्झेंबर्गला पाच वर्षं राहून लक्झेंबर्गिश भाषेची परीक्षा देऊन अर्ज करता येतो, लिश्टनस्टाईनला सरळ मार्गानं 30 वर्षं लागतात, किंवा 10 वर्षांनंतर गावकऱ्यांनी मतदानानं मान्य केलं तर. त्यामुळे बायकोमुलं घेऊन जायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे, लक्झेंबर्ग, पगार थोडा कमी असला तरी. लिश्टनस्टाईनची ऑफर असेल तर साईन करायच्या आधी एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या: राहण्याचं परमिट कुठल्या देशाचं, ते कोण काढणार, कुटुंबाचं त्यात आहे का, आणि ते नाकारलं गेलं तर ऑफरचं काय होणार. फोनवर "होऊन जाईल ना" म्हणाले तर तुमच्या चालू नोकरीचा राजीनामा टाकू नका.